तळाला टेकेपर्यंत

गाडीखाली उताणी पडून ती एका गंजलेल्या नटाशी हुज्जत घालत होती, तेवढ्यात तिला पायांच्या दोन जोड्या दिसल्या. एक ओळखीची होती. टाचेकडून दोन्ही सारख्याच झिजलेल्या घरच्या चपला. तिचा नवरा चालायचासुद्धा मापात. दुसरी जोडी परकी. जाड तळव्यांचे बूट, आणि उभ्या जागी चुळबुळ करणारे.

बुटांनी पुढच्या चाकाला एक लाथ घातली.

"स्प्रिंगचे पाटे बरे आहेत," बुटांच्या वरून आवाज आला. "चेसिस पण जुनी, वजनदार आहे. बाकी सगळा किलोवारी माल."

गाडीखाली पाना टणकन फरशीवर पडला.

"लाथ मारायची नाही," ती खालूनच म्हणाली.

बूट एक पाऊल मागे सरले.

"अगं, हे नुसते बघायला आलेत," नवरा म्हणाला.

"कोण हे?"

"भंगाराचं काम आहे यांचं."

"मग भंगार दाखवा त्यांना. इथं कशाला आणलंत?"

ती सरपटत बाहेर आली. कपाळावर ग्रीसचा पट्टा, केसांत गंजाचा भुगा, हातात हातोडी. भंगारवाल्याचं आयुष्य गाड्यांच्या मालकांशी बोलण्यात गेलं होतं. कोण विकायला तयार होईल आणि कोण अंगावर येईल हे त्याला तोंड बघून कळत असावं. त्यानं खिशातलं कार्ड बॉनेटवर ठेवलं, "सावकाश कळवा, घाई नाही," असं म्हणाला आणि घाईनं काढता पाय घेतला.

नवरा मात्र शेडच्या दारातच उभा राहिला. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. दुकान बंद करून बरेच दिवस झाले होते, तरी खिडकीशी टेबल मांडून तो अजून लोकांची घड्याळं उघडून बसायचा. कोणताही स्क्रू बसवला की बारीक ब्रशनं त्यावर लाल रंगाचा एक ठिपका द्यायचा, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा बाजूच्या धातूवर. ठिपका चिरला की समजायचं, स्क्रू हलला. पुढं ही सवय घरभर पसरली. दाराच्या बिजागऱ्या, कुकरची दांडी, चष्म्याच्या काड्या, सगळीकडे त्याचे ठिपके. मुलगी लहान असताना एकदा तोंड उघडून त्याच्यापुढं उभी राहिली होती, "बाबा, माझ्या दाताला पण लावा ना, हलतोय."

"मुलीचंही हेच म्हणणं आहे," तो आता म्हणाला.

"मुलगी तिकडं लांब बसलीये. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?"

"अगं, शेवटी गाडीच ती. वय झालं तिचं."

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज गाडी काढाल, उद्या मधाच्या पेट्या काढाल, परवा मला सांगाल जिना चढू नकोस."

म्हातारी हे गाडीचं घरातलं नावच होतं. चारही चाकांना ओढ असलेली ही डिझेल गाडी तिनं घेतली तेव्हा मुलगी शाळेत जात होती, आता मुलीची मुलगी जात होती. किलोमीटरचं मीटर एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यापासून चालू झालं होतं, आणि त्याच्या जोरावर ती पाहुण्यांना बेधडक सांगायची की गाडी तशी नवीनच आहे. तिचा धंदा मधमाश्यांचा. खालच्या बागांतला बहर सरला की पेट्या गाडीत रचायच्या आणि डोंगरावरच्या पठारावर न्यायच्या, तिथली फुलं सरली की परत खाली आणायच्या. पठारावर जाणारी वाट अशी की साधी गाडी पहिल्याच चढाला तोंड फिरवायची. म्हातारी नसेल तर पठार नाही, आणि पठार नसेल तर पेट्या नाहीत, इतका साधा हिशेब होता.

"एक करू," नवरा म्हणाला. त्याची नजर तिच्यावर नव्हती, हातोडीवर होती. "यंदा सगळ्या पेट्या भर. एकाच खेपेत. न थांबता शेवटच्या वळणाच्या पुढं चढली, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"आणि नाही चढली तर?"

त्यानं बॉनेटवरचं कार्ड उचलून नीट खिशात ठेवलं.

"पेट्याही?" तिनं विचारलं.

"गाडी नाही तर पेट्या कशा नेशील?"

"कबूल. पण पैज लावणाऱ्यानं बाजूच्या सीटवर बसायचं."

त्यानं बाजूच्या सीटकडं बघितलं. अपघातानंतर तो या गाडीतून एकदाही कुठं गेला नव्हता.

"बसतो," शेवटी तो म्हणाला.

अपघात दोन वर्षांपूर्वीचा. पठाराच्या वाटेवर शेवटी एक उलटं वळण आहे आणि वळण संपलं की डोंगरातून सुटलेल्या बारीक खडीचा पट्टा लागतो. तिथं हळू गेलं की चाकं जागेवरच फिरतात आणि रुततात. म्हणून वळणाआधीच्या सरळ तुकड्यावर वेग धरायचा आणि त्याच झोकात पट्टा ओलांडायचा. जो चाचरला तो अडकला. ती वर्षानुवर्षं तशीच चढत आली होती. त्या दिवशी खडीच्या आधीच, वळणावरच मागची चाकं सरकली, गाडी कडेच्या झाडावर जाऊन कलंडली, निम्म्या पेट्या फुटल्या आणि तिच्या उजव्या पायाची नडगी मोडली. नवरा धापा टाकत चालत वर आला तेव्हा चिडलेल्या माश्यांच्या घोंगाटात ती दगडावर बसून मदतीला आलेल्या लोकांना पेट्या कशा उचलायच्या ते सांगत होती. तो काही बोलला नाही. नंतरही कधी बोलला नाही.

पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा बॅटरी उतरू नये म्हणून तोच अधूनमधून गाडी चालू करून ठेवायचा. पाय सुटला, ती पुन्हा गाडीवर बसली, आणि तिच्या ध्यानात आलं की म्हातारीची ओढ गेली. सपाटीवर ठीक चालायची. चढ आला की जीव टाकायची. गेल्या वर्षी निम्म्या पेट्या घालूनही खडीत रुतली आणि शेवटी कुणाचा तरी ट्रॅक्टर बोलावून ओढून काढावी लागली. ट्रॅक्टरवाला सबंध वेळ हसत होता. ते हसू तिच्या अजून डोक्यात होतं.

म्हणून यंदा तिनं गाडी मुळापासून दुरुस्तीला काढली होती. गावाबाहेर गॅरेज असलेला मिस्त्री आठवड्यातले काही दिवस तिच्या शेडमध्ये येऊन काम करायचा. दोघांनी मिळून इंजिन उतरवलं, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, डिझेलचे नोझल साफ केले, पंप उघडून पुन्हा बसवला, क्लचप्लेट नवी घातली. मिस्त्री कामाला चोख होता आणि तोंडालाही. एक मात्र होतं. मालकाच्या सीटवर मिस्त्रीनं बसायचं नाही, हे त्याला ज्यानं काम शिकवलं त्या उस्तादाचं सांगणं होतं. तेलकट कपड्यांनी सीट घाण होते, आणि मालकाला वाटतं गाडी आपली राहिली नाही. तेव्हा मिस्त्री इंजिन नेहमी बॉनेटमधूनच रेस करायचा. वाकून डिझेल सोडणाऱ्या पंपाची दांडी बोटानं ओढायची, डोळे मिटायचे, मान तिरकी करायची आणि ऐकायचं.

"ऐका ताई, ऐका," तो म्हणायचा. "काय गातेय! नव्या गाडीला लाजवेल."

आणि खरंच शेडमध्ये म्हातारी अशी गर्जायची की शेजाऱ्यांच्या खिडक्या हलाव्यात.

रिंगा बसवून झाल्यावर दोघं तिला जवळच्या चढावर घेऊन गेले. चालवायला ती, बाजूला पोतं अंथरून त्यावर मिस्त्री.

"दाबा ताई."

"दाबलंय."

"आणखी दाबा."

"आणखी कुठं दाबू? पाय बाहेर काढू का खालून?"

चढाच्या मध्यावर म्हातारी धापा टाकत दुसऱ्या गिअरवर आली. मिस्त्रीनं डोकं खाजवलं. पंप पुन्हा उघडायचा, म्हणाला. घरी आल्यावर स्वयंपाकघरात ओट्याला धरून ती एकट्या उजव्या पायाच्या चवड्यावर उभी राहिली, आणि पोटरी थरथरेपर्यंत तशीच उभी राहिली. कुणाला सांगितलं नव्हतं, पण तिला काही दिवसांपासून वेगळीच भीती वाटत होती. गाडीत काही दोष नसेलच. दोष या पायात असेल. आपल्याला वाटतं आपण दाबतोय, आणि पाय दाबतच नसेल. हाड जुळलं असेल पण जोर परत आला नसेल, आणि आता या वयात तो येणारही नाही.

नवरा दारात येऊन उभा होता. तिनं पटकन पाय खाली टेकवला.

"काय करतेस?"

"काही नाही. डबा काढत होते वरचा."

डबे वर नव्हतेच, खालच्या फळीवर होते. ते दोघांनाही माहीत होतं.

पंप पुन्हा उघडला, पुन्हा बसवला, काही निघालं नाही. शेवटचं काम तळाच्या पत्र्याचं राहिलं. चालकाच्या पायांखाली गंजानं भोकं पाडली होती, चिखल आत उडायचा. त्या सकाळी मिस्त्री वेल्डिंगचं सामान मांडत होता आणि ती आतली रबरी मॅट उपटत होती. मॅटखाली जुना, डांबरासारखा चिकटलेला लोकरी नमदा होता. तो पट्टीनं खरवडत ती पॅडलांपर्यंत आली. ॲक्सिलरेटरच्या खाली पत्र्यातून एक बोल्ट वर आला होता. तो तिथं असायचाच, पॅडल कुठं थांबायचं ते तो ठरवतो. पण पॅडलआड दडलेला हा करंगळीएवढा लांब होता. डोकं पॅडल आपटून आपटून चकचकीत झालेलं. आणि बुडाशी, अर्धा नटवर आणि अर्धा पत्र्यावर, एक लाल ठिपका. नेमका गोल. कुठंही न चिरलेला.

तिनं पट्टी खाली ठेवली.

मग तिनं पॅडल हातानं दाबलं. ते निम्म्यावर येऊन बोल्टला टेकलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तिथंच.

"मिस्त्री."

मिस्त्रीनं येऊन वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मटकन खाली बसला.

"दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला," तो म्हणाला. "ताई, सबंध इंजिन उतरवलं हो आपण! मी वरून दांडी ओढत होतो, खाली हा बसलाय कुठं माहीत! जन्मात एकदा जरी त्या सीटवर बसलो असतो..." त्यानं पाना उचलला. "काढतो आत्ता."

"थांबा."

ठिपका कुणाचा ते त्या घरात कुणाला विचारायची गरज नव्हती. ज्यानं हा बोल्ट लावला होता, त्यानंच शेडमध्ये कितीदा तिच्यासाठी दिवा धरला होता. रिंगा पुसून हातात दिल्या होत्या. नोझल स्वतःच्या भिंगाखाली धरून, "यात काही घाण दिसत नाही बाई," असं साळसूदपणे सांगितलं होतं. तिला आधी वाटलं ते सुटल्यासारखं. पाय नव्हता. पाय बरा होता, कधीचाच बरा होता. आणि लगेच असा संताप आला की कानशिलं तापली. ओट्याला धरून ती थरथरत उभी होती, आणि हा माणूस दारातून बघत होता. बघत होता आणि गप्प होता. वर पैज लावली!

"राहू दे तो," ती म्हणाली. "पत्रा त्याच्या भोवतीनं जोडा."

"अहो ताई, पण..."

"ज्यानं लावलाय, तो काढेल."

"आणि नाही काढला तर?"

"तर आहे तशी चढवीन."

मिस्त्रीनं तिच्याकडं बघितलं आणि पाना खाली ठेवला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं काहीतरी तो पुटपुटला, पण हळूच.

संध्याकाळी जेवताना तिनं भांडण काढलं नाही. भांडणाला लागणारे सगळे शब्द जिभेवर होते, ते तिनं घासाबरोबर गिळले.

"तळाचा पत्रा झाला," ती म्हणाली. "मॅट तेवढी राहिली. नवीन रबर आणून ठेवलंय."

"बरं झालं."

"ती तुम्ही कापून बसवा. पॅडलांच्या भोवती नेमकी कापावी लागते. मिस्त्रीच्या हातात ती सफाई नाही."

त्याच्या हातातला पाण्याचा पेला तोंडापर्यंत जाऊन थांबला. त्यानं तिच्याकडं बघितलं. ती ताटात बघत होती.

"कधीपर्यंत?"

"परवा पहाटे पेट्या भरायच्या आहेत. निघेपर्यंत बसली म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कागदाचा नमुना कापला. दुपारी नमुन्यावरून रबर कापलं. मग गुंडाळी काखेत मारून शेडमध्ये गेला, बराच वेळ आत होता, आणि गुंडाळी काखेत तशीच घेऊन परत आला.

"माप जरा चुकलंय," तो म्हणाला.

त्याचं माप कधी चुकल्याचं तिला आठवत नव्हतं. संध्याकाळी तो पुन्हा गेला आणि पुन्हा तसाच परत आला. ती अंगणात पेट्यांच्या तोंडाला जाळ्या लावत होती. माश्या आत परतल्या की एकेक फट बंद करायची. तिनं वर बघितलं नाही. पण जाळीचा खिळा ठोकताना हातोडी एकदा बोटावर बसली.

पहाटे मिस्त्रीनं पेट्या चढवायला मदत केली आणि निघून गेला. जाताना त्यानं चालकाच्या दाराकडं एक नजर टाकली आणि मग तिच्याकडं. तिनं मान हलवली. नाही, ती बघणार नव्हती. मागच्या बाजूला उभी राहून ती पेट्यांवरून दोर आवळत होती, तेव्हा पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. गुंडाळी उलगडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. तिनं एक गाठ मारली, सोडली आणि पुन्हा मारली. ती गाठ पहिल्या वेळीच उत्तम बसली होती.

ती पुढं आली तेव्हा नवरा बाजूच्या सीटवर बसलेला होता, मांडीवर हात, इस्त्रीचा शर्ट. जणू फोटो काढायला आलाय. मॅट जागेवर होती. पॅडलांच्या भोवती अशी कापलेली की केसभर फट नाही. तिनं मॅटच्या कडेला बोटही लावलं नाही. दार ओढलं, म्हातारी चालू केली.

खालच्या वाटेवर तिनं पाय मुद्दामच हलका ठेवला. घाई नव्हती, घोडामैदान जवळच होतं. मागं जाळ्यांआड माश्या एकसुरात गुणगुणत होत्या. उजाडत होतं. पहिला चढ गेला, दुसरा गेला. नवऱ्याचा एक हात मांडीवरून उठून दाराच्या दांडीवर गेला.

वळणाआधीचा सरळ तुकडा समोर आला. त्याच्या टोकाला ते झाड होतं, खोडावर एका बाजूला साल गेलेलं.

"झाड आहे अजून," नवरा म्हणाला.

"असणारच. त्याला माझ्यापेक्षा कमी लागलं होतं."

"त्या दिवशी मी खालून आलो ना, तेव्हा आधी गाडी दिसली. तू दिसली नाहीस. पुढं आल्यावर दिसलीस." तो थांबला. "त्या मधल्या वाटेवर मी काय काय ठरवलं ते तुला सांगत नाही."

दोन वर्षांत त्या दिवसाबद्दल तो पहिल्यांदाच बोलला होता, आणि वेळ कुठली निवडली तर ही! तिला हसूच आलं.

"नंतर सांगा," ती म्हणाली. "आत्ता घट्ट धरा."

तिनं गिअर टाकला आणि पाय दाबला. पाय सवयीच्या जागी आला आणि थांबला. दोन वर्षं तिथंच भिंत होती. पायाला ती जागा अंधारातसुद्धा सापडली असती. क्षणभर तिला दाबायचं धैर्य झालं नाही. खाली बोल्ट असेल तर तो आत्ता लागेल, आणि मग उरलेला सगळा जन्म तो तिथं आहे हे तिला माहीत असेल.

तिनं दाबला.

पाय खाली गेला. आणखी खाली गेला. तळाला टेकेपर्यंत गेला. म्हातारीनं असा हुंकार दिला की शेडमध्येही कधी दिला नसेल, आणि सगळ्या पेट्यांसकट पुढं झेपावली. "हां!" तिच्या तोंडून निघालं. मोठ्यानं, भांडायला उभं राहिल्यासारखं. झाड बाजूनं गेलं. वळणावर मागची चाकं किंचित सरकली, नवऱ्यानं डोळे मिटले, तिनं स्टीअरिंग थोडं सोडून पुन्हा पकडलं. खडी चाकांखालून तडतडत तळावर आपटू लागली, पण चाकं रुतली नाहीत. पाय तळाला होता आणि ती तो तिथून उचलणार नव्हती, कुणी सांगितलं तरी. पट्टा संपला. वाट सपाट झाली. समोर पठार, दूरवर फुलंच फुलं.

तिनं गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. मग नवऱ्यानं डोळे उघडले.

"चढली," तो म्हणाला.

"चढली."

"बरी ओढतेय."

"ओढेल नाही तर काय? एवढं इंजिन उतरवलं आम्ही," ती म्हणाली आणि त्याच्याकडं बघितलं. त्यानं नजर खिडकीबाहेर नेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तो उतरून मागं गेला, दोर सोडायला लागला. तीही उतरली. मग चालकाच्या दाराशी उकिडवी बसली आणि मॅटची कड उचलली. आता बघायला हरकत नव्हती. पॅडलखाली एक आखूड बोल्ट होता, गाडीबरोबर आलेला मूळचा. दोन वर्षं कुठल्या तरी डबीत तेल लावून ठेवल्यासारखा स्वच्छ. बुडाशी लाल ठिपका होता. तो मात्र नेमका गोल नव्हता, एका बाजूला ओघळला होता. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"हात लावू नकोस," मागून नवरा म्हणाला. दोराचं टोक हातात घेऊन तो उभा होता. "ओला आहे अजून."

तिनं बोट वर धरलं. टोक लाल झालं होतं.

"ठिपका ओघळलाय," ती म्हणाली. "तुमचा कधी ओघळत नाही."

"हात स्थिर नव्हता."

"दोन वर्षांपूर्वी होता वाटतं."

दोराचं टोक तो बोटाला गुंडाळत राहिला आणि सोडत राहिला. ती उठली, गुडघे झाडले, उजवा पाय जमिनीवर एकदा जोरात आपटला. पाय चांगला होता.

"चला, पेट्या उतरवा. ऊन चढायच्या आत जाळ्या काढायच्यात. जड बाजू तुमची."

"हो."

दोघांनी पहिली पेटी धरली. तिनं आपली बाजू उचलली, पण तो अडखळला. एक हात सोडून त्यानं शर्टाच्या खिशातून काही तरी काढलं आणि तळहातावर तिच्यापुढं धरलं. करंगळीएवढा लांब बोल्ट, डोकं चकचकीत. इस्त्रीच्या खिशावर गंजाचा डाग उमटला होता. बोल्टच्या बाजूला त्याच खिशातून आलेलं ते कार्डही होतं, घामानं मऊ झालेलं.

"याचं काय करू?" त्यानं विचारलं.

तिनं दोन्हीकडं बघितलं.

"भंगारवाल्याला द्या," ती म्हणाली. "बिचारा रिकाम्या हातानं गेला होता. आणि त्याला म्हणावं, म्हातारीला बसतील असे पाटे कुठं मिळाले तर आणखी एक जोडी ठेव बाजूला. मला लागतील."